न उघडलेली पुडी

श्रोतेहो, बंद पाकीट हाती आले की माणसाचे मन दोन ठिकाणी ओढले जाते. आत काय आहे ते पाहावे, असे एक मन म्हणते. दुसरे म्हणते, थांब, उघडलेस की गंमत संपली. पत्र असले तर आपण ते फोडतोच, कारण पत्र आपल्या नावाचे असते. पण पाकीट जुने आहे, कोणाच्याच नावाचे नाही आणि त्यात खेळाडूंची चित्रे आहेत, असे असले तर काय करावे? आज मी आपल्याशी बोलणार आहे ते याच प्रश्नावर. विषय पोरखेळाचा वाटेल. मलाही तसाच वाटत होता, आमच्या इगतपुरीत असे एक खोके माझ्यापुढे येऊन पडेपर्यंत.

आधी या चित्रांची कुळकथा थोडक्यात सांगतो. गेल्या शतकाच्याही आधी, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, सिगारेटची पाकिटे पातळ कागदाची असत. खिशात ती दबत आणि आतल्या सिगारेटी मोडत. म्हणून आत जाड पुठ्ठ्याचा एक तुकडा घालीत. मग कोणाच्या तरी डोक्यात आले, हा तुकडा कोरा कशाला ठेवायचा? त्यावर चित्र छापले तर गिऱ्हाईक पुढचे चित्र मिळवायला पुढचे पाकीट घेईल. इंग्लंडात विल्स कंपनीने १८९६ साली पन्नास क्रिकेटपटूंची माला काढली. पुढे आपल्या रणजितसिंहजींची चित्रेही तिकडच्या सिगारेटच्या पाकिटांतून निघू लागली. बाप सिगारेट ओढी आणि मुलगा चित्र गोळा करी, असा हा घरोब्याचा व्यवहार होता. दुसऱ्या महायुद्धात कागदाची टंचाई झाली, तेव्हा इंग्लंडातली ही चित्रे बंद पडली.

अमेरिकेत तेच बेसबॉलचे झाले. तिथे होनस वॅग्नर नावाचा मोठा खेळाडू होता. १९०९ च्या सुमारास तंबाखूच्या पाकिटांतून त्याचे चित्र निघू लागले आणि लवकरच ते थांबवावे लागले, कारण त्याची संमती नव्हती. तंबाखूपायी मुलांना नादी लावू नये, असे त्याला वाटले म्हणून, असे कोणी सांगतात. त्याला पैसे पुरेसे मिळाले नाहीत म्हणून, असेही कोणी सांगतात. कारण काही असो, चित्रे थोडीच बाहेर पडली आणि म्हणून ती अमोल झाली. २०२२ साली त्यातले एक चित्र साडेबहात्तर लाख डॉलरना विकले गेले.

पुढे तंबाखूची जागा बबलगमने घेतली. आम्ही मुले त्याला 'चिंगम' म्हणत असू. टॉप्स या अमेरिकन कंपनीची १९५२ सालची बेसबॉलची माला प्रसिद्ध आहे. तिचा शेवटचा हप्ता बाजारात उशिरा आला. तोवर मोसम सरत आला होता आणि माल पडून राहिला. कंपनीच्या ज्या गृहस्थाने ही माला तयार केली होती, त्यानेच पुढे सांगितले, की १९६० च्या सुमारास गोदाम मोकळे करायला उरलेली खोकी होडीवर चढवली आणि समुद्रात नेऊन बुडवली. त्याच हप्त्यात मिकी मँटल या खेळाडूचे चित्र होते. २०२२ च्या ऑगस्टात त्याची एक प्रत एक कोटी सव्वीस लाख डॉलरना गेली. ज्याला एके दिवशी रद्दीची किंमत नव्हती, त्याचे हे असे झाले. भंगारवाल्याला आपण जे देतो ते जरा पाहून द्यावे, एवढा बोध यातून घ्यायला हरकत नाही.

आपल्याकडे ही लाट बरीच उशिरा आली. आमच्या आधीची पिढी काडेपेट्यांचे छाप जमवी. आमच्या लहानपणी, १९८३ सालचा विश्वचषक भारताने जिंकल्यावर, क्रिकेटचे वेड घराघरांत शिरले. १९८७ साली विश्वचषकाचे सामने भारतात आणि पाकिस्तानात झाले. त्या सुमारास बिग फन नावाच्या बबलगमबरोबर क्रिकेटपटूंची लहान चित्रे मिळत. आज चाळिशी-पन्नाशी उलटलेल्या कोणत्याही गृहस्थाला त्यांची आठवण काढून द्या, त्याचा चेहरा बघा कसा खुलतो ते! त्या धंद्यात इतरही लहानमोठ्या मालाच्या चित्रांच्या पुड्या निघत. मी सांगणार आहे ती हकिकत अशाच एका मालाची. त्याचे नाव सांगण्याची गरज नाही.

वडील रेल्वेत होते. इगतपुरीला आम्ही रेल्वेच्या चाळीत राहत असू. इगतपुरी म्हणजे थळ घाटाचा माथा. १८६५ साली इथवर लोहमार्ग चढून आला, आणि गावाचे सगळे जिणे त्या मार्गाभोवतीच वाढले. कसाऱ्याहून गाडी चढते ती मागे जादा इंजिने लावून, कारण चढ सदतीस फुटांना एक फूट असा आहे. त्या काळी मुंबईकडची विजेची इंजिने इगतपुरीला सुटत आणि पुढची वेगळी लागत. त्यामुळे गाडी थांबे, उतारू फलाटावर उतरत, बटाटेवडे घेत. आमच्या मामाचे दुकान स्टेशनापासून फार लांब नव्हते. विड्या, काडेपेट्या, बिस्किटे, साबण, आणि काचेच्या बरणीशेजारी चिंगमच्या पुड्यांचे खोके.

माझे वय बारा आणि धाकट्या भावाचे नऊ. आम्हा दोघांचा मिळून एक संग्रह होता, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवलेला. तेव्हा आकाशवाणीवर धावते वर्णन ऐकायला चाळीत एकेका रेडिओभोवती घोळका जमे. ३१ ऑक्टोबरला नागपूरला चेतन शर्माने न्यूझीलंडचे तीन गडी लागोपाठच्या तीन चेंडूंवर उडवले आणि गावसकरने एकदिवसीय सामन्यांतले आपले एकुलते एक शतक झळकावले. त्या दिवशी आम्ही डब्यातली सगळी चित्रे सतरंजीवर मांडून संघ लावला. त्यात एकच जागा रिकामी होती, वेंगसरकरची. दुसऱ्याच दिवशी माझ्या पुडीत वेंगसरकर निघाला. मी वेडा व्हायचाच बाकी होतो!

आणि चार दिवसांनी ते चित्र डब्यातून नाहीसे झाले. ५ नोव्हेंबरला मुंबईला वानखेडे स्टेडियमवर उपांत्य सामना होता. पोट बिघडल्यामुळे वेंगसरकर त्या सामन्यात खेळू शकला नाही आणि भारत इंग्लंडकडून पस्तीस धावांनी हरला. आमच्या घरी त्याच संध्याकाळी दुसरा सामना झाला. मी धाकट्याला म्हणालो, "तूच घेतलंस." तो म्हणाला, "नाही रे दादा, देवाशपथ नाही." मी वडिलांकडे गेलो. वडील पाळी संपवून दमून आले होते. त्यांनी खरेखोटे न करता त्याच्या दोन कानशिलात दिल्या. तो रडला नाही. त्याने डबा माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाला, "तुझाच घे." त्यानंतर त्याने चित्रांना हात लावला नाही.

भावाभावांत काय, असे होतच असते. आम्ही मोठे झालो, बोलत राहिलो, एकमेकांच्या लग्नात राबलो. पण ती गोष्ट कधी निघाली नाही. तो नाशिक रोडला स्थायिक झाला, मी इगतपुरीतच राहिलो.

मामा वारल्यावर दुकान मामेभावाने काही वर्षे चालवले आणि मग बंद केले. २०२२ च्या दिवाळीनंतर त्याने गाळा रिकामा करायला काढला. मी आणि धाकटा मदतीला गेलो, बरोबर त्याचा मुलगाही होता. माळ्यावर जुन्या वह्यांच्या गठ्ठ्यामागे एक पुठ्ठ्याचे खोके सापडले. वरचा पुठ्ठा उंदरांनी कुरतडला होता. आत चोवीस पुड्या, एकही न उघडलेली. वर तेच चित्र आणि तोच लाल-पिवळा रंग, फक्त पिवळा आता मातकट झालेला.

मी हात घालणार तोच पुतण्या ओरडला, "काका, उघडू नका! न उघडलेल्या पुडीला जास्त पैसे येतात." आणि त्याने मला जी माहिती दिली, ती मी पुढे स्वतः वाचून पडताळून पाहिली आणि तिच्यात भर घातली. तिच्यातली थोडी आपल्यालाही सांगतो.

कॅनडात रेजायना शहरातल्या एका घरात १९७९-८० सालच्या आइस हॉकीच्या चित्रांचे एक मोठे खोके मिळाले. त्यात सोळा डबे, प्रत्येक डब्यात अठ्ठेचाळीस पुड्या आणि प्रत्येक पुडीत चौदा चित्रे. हिशोब केला तर दहा हजार सातशे बावन्न चित्रे होतात. वेन ग्रेट्स्की या थोर खेळाडूचे पहिले चित्र याच मालेतले, त्यामुळे त्याच्या पंचवीसेक प्रती तरी आत असाव्यात असा जाणकारांचा अंदाज. २०२४ च्या फेब्रुवारीत ते खोके सदतीस लाख वीस हजार डॉलरना लिलावात गेले, न उघडता! घेणाऱ्याने आतले एकही चित्र पाहिले नव्हते. मग त्याने पैसे कशाचे दिले? जे असू शकते त्याचे. निकाल न लागलेल्या सोडतीच्या तिकिटासारखी ही गोष्ट आहे. निकाल लागला की शंभरातली नव्याण्णव तिकिटे कागदाचे कपटे होतात. शिवाय कोणी ना कोणी पुड्या फोडीतच असतो, तशा बंद पुड्या कमी होत जातात, आणि राहिलेल्यांचा भाव चढतो.

पण या धंद्यात लबाडीही तितकीच. जुन्या पुड्यांचा कागद मेणाचा असे. तो उघडावा, चांगले चित्र काढून घ्यावे, साधे घालावे आणि गरम इस्त्री फिरवून पुन्हा चिकटवावे, ही युक्ती जुनीच आहे. म्हणून पुडी खरी की पुन्हा चिकटवलेली, हे ओळखणाऱ्यांचा एक वेगळा धंदाच निघाला. पण ओळखणाराही फसतो. अमेरिकेतल्या लोगन पॉल नावाच्या प्रसिद्ध तरुणाने २०२१ च्या अखेरीस पोकेमॉन या खेळाच्या पत्त्यांचे एक बंद खोके पस्तीस लाख डॉलरना घेतले. जाणकारांनी ते अस्सल असल्याचा निर्वाळा दिला होता. २०२२ च्या जानेवारीत त्याने ते उघडले, तर आत भलत्याच खेळण्यांचे पत्ते. खोके उघडलेच नसते, तर ते आजही पस्तीस लाखांचे म्हणून मिरवले असते. याच्या उलट दुसरे टोकही आहे. इस्पितळात डोक्याचा सीटी स्कॅन काढतात ना, तशाच जातीच्या यंत्रातून पुडी घालून ती न फोडता आतले चित्र वाचता येते, हे २०२४ साली दाखवून देण्यात आले. म्हणजे आता बंद पुडीही खरोखर बंद राहिली आहे की नाही, याची खात्री कोणी द्यावी?

हे झाले तिकडचे. आमच्या चोवीस पुड्यांचा भाव असा लाखांत जाणारा नव्हता. आपल्याकडे त्या काळची चित्रे हौशी लोक विकत घेतात, पण बेताच्या किमतीला. तरी पुतण्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. मी म्हटले, "ठेवू या तशाच."

तेव्हा धाकटा बोलला. तो एरवी कमी बोलतो. म्हणाला, "दादा, इगतपुरीचे पावसाळे किती झाले याच्यावरून?"

मोजले तर पस्तीस. ज्यांनी आमचा पावसाळा पाहिला आहे त्यांना पुढचे सांगायला नको. जुलै-ऑगस्टात धुके घरात शिरते, चामड्याच्या वहाणांना बुरशी येते, मीठ पाणी सोडते, कपाटातले कपडे कुबट होतात. चिंगमात साखर असते आणि साखर हवेतली ओल ओढून घेते. तो पाक चित्रात मुरतो. चकचकीत कागदाची चित्रे एकमेकांवर ओलीत राहिली तर त्यांची वीट होते. ती सोडवायला जावे तर एकाचा चेहरा दुसऱ्याच्या पाठीवर जातो. उलट फार जुने, कोरड्या जागी राहिलेले चिंगम काचेसारखे कडकडीत होते आणि त्याच्या कडा चित्राला चरे पाडतात. म्हणजे न उघडलेली पुडी जशीच्या तशी राहते, हा आपला समज आहे. ती आतल्या आत झिजत असते, आपल्याला दिसत नाही इतकेच.

बोलता बोलता माझ्या लक्षात आले, की हे मी पुड्यांबद्दलच बोलत नाही. पस्तीस पावसाळे आणखी एक पुडी आमच्या दोघांत बंद पडून होती.

शेवटी तोडगा निघाला: बारा उघडायच्या, बारा पुतण्याच्या स्वाधीन करायच्या. मामेभावाने चहा मागवला. गाळ्याच्या उंबऱ्यावर वर्तमानपत्र पसरून आम्ही दोघे बसलो, लहानपणी सतरंजीवर बसत असू तसे. एक पुडी त्याने उघडायची, एक मी. पहिल्या पुडीतले चिंगम कागदासकट लगदा झालेले. दुसरीत तसेच. तिसरीतून मात्र कोरे करकरीत चित्र निघाले, आणि दोघेही एकदमच "अरे!" म्हणालो. पन्नाशीकडे आलेली दोन माणसे, पण तो आवाज अगदी जुना होता. वासही तोच, गोड आणि जरा औषधी. बारांपैकी पाच चित्रे पार गेली होती. सात धड निघाली. त्यांत तीन वेळा एकच यष्टिरक्षक आला. आम्ही अशांना 'डबल' म्हणत असू, आणि एका वेंगसरकरला पाच डबल असा आमच्या चाळीचा भाव होता.

वेंगसरकर निघाला नाही.

बारावी पुडी माझ्या हातात होती. ती उघडून झाल्यावर मी मान वर न करता म्हणालो, "त्या दिवशी मी पाहिलं नव्हतं. तू घेतल्याचं मी पाहिलं नव्हतं. तरी बाबांना सांगितलं."

तो थोडा वेळ चहाचा पेला फिरवीत राहिला. मग म्हणाला, "मी खरंच घेतलं नव्हतं, दादा."

"माहीत आहे," मी म्हटले. आणि हेही सांगायला हवे, की ते मला त्याच आठवड्यात कळून चुकले होते. चाळीतला दुसराच एक मुलगा वेंगसरकर दाखवीत फिरत होता. मी ते पाहिले आणि गप्प बसलो, कारण बोललो असतो तर माझे खोटे उघडे पडले असते. हे मी त्याला त्या उंबऱ्यावर सांगितले. तो हसला. रागावला असता तर बरे वाटले असते, पण तो हसला आणि म्हणाला, "मग पाच डबल काढ माझे."

श्रोतेहो, आपल्यापैकी कोणाला जुन्या ट्रंकेत किंवा बंद दुकानात असे काही सापडले, तर काय करावे? चार गोष्टी अनुभवाने सांगतो. घाईने फाडू नये. आधी सगळे जसे सापडले तसे छायाचित्रात टिपून ठेवावे. एकमेकांना चिकटलेली चित्रे नखाने सोडवू नयेत. ती ओलसर असतील तर सावलीत, हवेशीर जागी हळूहळू वाळू द्यावीत. उन्हात टाकली तर कागद वाकतो आणि रंग उडतो. रबराचा पट्टा लावू नये, तो कालांतराने वितळून कागदाला डसतो. घट्ट झाकणाच्या डब्यात, बुटांच्या खोक्यांत येते तशी ओल शोषणाऱ्या दाण्यांची पुडी ठेवून ती जपावीत, आणि पावसाळ्यात ती पुडी बदलावी. चिंगम कितीही ओळखीचे वाटले तरी तोंडात घालू नये! विकायचे असेल तर दोन-तीन ठिकाणी विचारावे, आणि ज्याला आतले दिसलेले नाही त्याने आतल्याची हमी दिली तर ती जपूनच घ्यावी.

आणि उघडावी की ठेवावी? याचे एकच उत्तर मला देता येत नाही. ज्याला पैशाची निकड आहे त्याने ठेवावी, विकावी. त्यात कमीपणा काही नाही. ज्याला हौस आहे त्याने उघडावी. पण एकट्याने उघडू नये. ज्याच्याबरोबर ती लहानपणी उघडली असती, तो माणूस हयात असेल, तर त्याला आधी बोलवावे.

उरलेल्या बारा पुड्या पुतण्याने नाशिक रोडला नेल्या आणि कोरड्या डब्यात ठेवल्या. मध्ये एकदा मी धाकट्याला म्हटले, "त्या पण उघडू या का? त्यात वेंगसरकर असेल."

तो म्हणाला, "असेलच. म्हणूनच राहू देत."